कमानपाटा

एकतीस वर्षं मालवण–कणकवली.
निवृत्तीच्या दिवशी डेपोच्या भंगारातून मागून घेतला
माझ्याच गाडीचा तुटका पाटा.

दिगू मेस्त्री माझ्या मुलाहून लहान.
म्हणतो, काका, रतांब्याचा लाल नको,
काजूच्या बोंडाचा पिवळा होऊंदे, मग हाणा.
हाणतो.
लोखंड डावीकडे पळतं,
आणि इथे ब्रेक नाही.

पहिली कोयती पाण्यात चरचरली,
टिंग करून तडकली.
दिगू हसला नाही.
उरलेला पाटा वितीनं मोजला:
अजून दोन निघतील.

तिसरी वाकडी, पण अखंड.
घरी शालननं शहाळ्यावर चालवून बघितली,
तोंडाला पदर लावत म्हणाली,
डावीकडे ओढते हो,
तुमच्या गाडीसारखी.