एकोणीस सक्क

रुवीच्या बाजारात माझं दुकान म्हणजे एक कपाट.
पाटीवर कफीलचं नाव, आत मी आणि हीट गन.
शुक्रवारी वादी कबीरच्या कॅम्पांतून बस सुटतात
आणि चारनंतर तडकलेल्या काचा
काउंटरवर कोपर टेकून उभ्या राहतात.

बारकू शिगवणाची काच शाबूत होती.
म्हणाला, मुनव्वरभाय, यातला पोरगा गेला माझा.

मी दचकलो. मग कळलं, पोराचा आवाज.
दोन वर्षांनी एकदा सुट्टी, गुहागरला, तीस दिवस.
तेवढ्यात हा ओटीवर बसून पोराचे पाढे
रेकॉर्डरच्या ॲपमध्ये धरून ठेवायचा
आणि इथे पहाड बांधून झाला की
रात्री बंकवर, कानाला लावून, ऐकायचा.
परवा फोन म्हणाला, जागा संपली.
यानं रेकॉर्डर काढून टाकला. संध्याकाळी परत घेतला.
तेच चित्र, तोच लाल ठिपका,
आत काही नाही.

कसं सांगावं?
पूर्वी टॉर्चच्या ॲपलाही अख्खं घर मोकळं होतं.
बायकोचे फोटो, पासपोर्टची कॉपी, पगाराची स्लिप,
चपला न काढता कुणीही माजघरापर्यंत.
आता प्रत्येकाला एक खोली, बाहेरून कडी.
दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं की फोन मालकाला विचारतो:
सगळे फोटो, का निवडलेले, का काहीच नको?
नियम वाईट नाही, बारकूशेठ.
माझ्या बहिणीच्या फोनवर मीच कड्या घातल्यात.
फक्त एवढंच, की ॲप गेलं
की त्याची खोली फोन झाडून घेतो.

म्हणजे व्हिसा कॅन्सल, तो म्हणाला.
आमच्याकडं पण. सकाळी माणूस एअरपोर्टला,
दुपारी गादी उलटी,
भिंतीवरचा खिळासुद्धा काढतात.

यावर माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर नव्हता.

अंगठा लाव म्हटलं. लागेना.
सिमेंटनं रेषा खाल्ल्या होत्या,
बताक्याच्या मशीनवरही तीन-तीनदा पुसावा लागतो.
शेवटी पिन टाकला: पोराच्या जन्माचं साल.
फाइल मॅनेजरनं विचारलं,
सगळ्या फाइल्स बघायची परवानगी द्यायची?
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मीही माझ्या बोटाकडे पाहिलं आधी, मग दाबलं.

एक होती.
कधीतरी भावाला व्हॉट्सॲप केलेली,
पाठवलेल्यांच्या फोल्डरात, चौदा सेकंदांची.
रेकॉर्डरला ती दिसत नव्हती.
परत घेतलेलं ॲप जुन्याचा वारस नसतं,
नाव तेच असलं तरी.

दुकानातला पंखा मी बंद केला.

एकोणीस चोक शहात्तर,
एकोणीस पंचे पंच्याण्णव,
एकोणीस सक्क…
मागे कुकरची शिट्टी,
कुणीतरी 'मग?' म्हणालं, बहुतेक हाच,
एकोणीस सक्क…
आणि संपलं.

मागचा बांगलादेशी गिऱ्हाईक म्हणाला, भाई, डिस्प्ले.
थांब म्हटलं.

तीन कॉप्या केल्या. एक मेमरी कार्डात,
एक त्याच्या भावाकडे परत, एक मेलवर,
जो उघडायला त्याला मीच लागणार.
कार्डाचे एक रियाल दोनशे बैसा घेतले,
बाकीचे नाही म्हटलं, तर त्याला आवडलं नाही,
शंभर बैसा काउंटरवर ठेवून गेलाच.

जाताना दारात थांबला.
आता सुट्टीवर गेलो की विचारीन, म्हणाला,
सक्क किती ते.
सांगेल तो, हुशार आहे, आयटीआयला आहे.
पण आवाज फुटलाय त्याचा, मुनव्वरभाय.
उत्तर येईल ते बाप्याचं येईल.

मी पावती फाडली.
कार्बन नव्हता खाली,
माझ्याकडची कॉपी कोरी.