घमेल्याचा पोचा

मंगळवारी टेशीला कुणी होडी लोटत नाही.
समुद्राच्या सुटीचा दिवस. हा नियम
कुठल्या खात्याने काढला नाही, त्याला दंड नाही,
तरी आमच्या किनाऱ्यावर एक वल्हं ओलं होत नाही.
म्हणून भांडायला मंगळवारच बरा.

मावशी डेडेई भट्टीतली राख उपसते.
शेजारची आयोर्कोर घमेलं पालथं घालून त्यावर बसते,
आजची बाजारपट्टीची पावती उलगडते.
"मासा नाही, गिऱ्हाईक नाही, पण हा पोरगा हजर.
पैसे कशाचे? वाऱ्याचे?
नळाला पाणी नाही, दिव्याला वीज नाही,
पावतीपुस्तक मात्र कधी संपत नाही!"

"भट्टी दिली ना गं त्यांनीच," मावशी म्हणते.
"दिली!"
आणि आम्ही तिघी तिकडे बघतो.
पांढरी, उंच, फीत कापून उद्घाटन झालेली,
तोंड इतकं अरुंद की आमच्या जाळ्या आत जात नाहीत.
सुताराकडून दोन कापून घेतल्या, पैसे आमचे.
त्या दोन जाळ्यांपुरतं मावशी खोकत नाही.
बाकीच्या कप्प्यांत कोंबडी अंडी घालते.
मागून पत्र आलं: जुन्या भट्टीचा धूर यापुढे चालणार नाही.
एक हात लाकूड, दहा हात ढलपी.

मी मांडीवर कर्जाचा फॉर्म घेऊन बसलेली.
नोंदणी क्रमांक: नोंदणीसाठी पत्ता हवा.
पत्ता: मोडक्या होडीच्या डावीकडे,
जिथे धूर सगळ्यात आधी उठतो.
रकाना दीड इंचाचा.

"त्यांनी काही देऊ नये," आयोर्कोर म्हणते,
"काही मागू नये. नुसतं बाजूला व्हावं."

मावशी फावडं ठेवते.
काही न बोलता तिच्याकडे जाते,
तिला उठवते, तिच्या बुडाखालचं घमेलं ओढते.
होडीवाल्या ओकांताचं. काल इथेच राहिलेलं.
याच मापाने तो आम्हाला तारली घालतो.
ती ते समुद्रात बुडवून काठोकाठ भरते
आणि आपल्या घमेल्यात ओतते.
चार बोटं रिकामी.
मग आत हात घालून दाखवते:
तळाला पोचा, आतल्या बाजूने, मुठीएवढा,
आपटून झालेला नाही, हातोडीने ठोकलेला.

मापात पाप. दिवसाला तीस घमेली,
हंगाम तीन महिने.
आयोर्कोर बोटांवर हिशेब करते,
बोटं संपतात.

"आता याला सांग की बाजूला हो."

वाळूत पाणी जिरतं. कोंबडी ओरडते.
"तराजू आणतील," आयोर्कोर शेवटी म्हणते,
"आणि तराजूचीही पट्टी लावतील."
"लावू दे."
"तुला 'लावू दे' म्हणायला काय जातं!
तुला भट्टी मिळाली, मला पत्र मिळालं."
यावर मावशीकडे उत्तर नव्हतं.
माझ्याकडेही नव्हतं, आणि फॉर्म मी वाचला होता,
चारही पानं, मागची बारीक अक्षरंसुद्धा.

बुधवारी पहाटे होड्या लागल्या.
ओकांता आपलं घमेलं शोधत
किनाऱ्यावर येरझारा घालत होता,
कुणाला काही माहीत नव्हतं.
आयोर्कोर कुठेच नव्हती.

दहाच्या सुमारास ती रस्त्याने उतरताना दिसली,
वजनमाप कचेरीच्या सात पिढ्या उद्धरत:
"साहेब जेवायला गेलेत म्हणे! सकाळी नऊला!
म्हटलं, बसते. बसू देईनात.
म्हणे, अर्ज आणा. म्हणे, दोन प्रती."
डोक्यावर घमेलं पालथं, टोपीसारखं.
तिने ते माझ्या पुढ्यात ठेवलं.
"लिही," म्हणाली. "दोन प्रती."

आत कालची पावती चिकटलेली होती,
माशाच्या तेलाने काचेसारखी झालेली.
गोल शिक्क्यातून
तळाचा पोचा दिसत होता.