येते

निघताना ‘जाते’ म्हणू नये.
हे आनेकेला मीच शिकवलं,
बालगृहाच्या मागच्या ओट्यावर, पापडी सोलता सोलता.
माझं मोडकं इंग्रजी, तिचं मोडकं हिंदी.
तिनं वहीत लिहून घेतलं, तिच्या अक्षरांत: येते.
मग विचारलं, आणि जो परत यायचाच नाही, तो काय म्हणतो?
मी म्हटलं, तोही तेच.
इथले गुजराती लोकसुद्धा बघ, आवजो म्हणतात.
निघालेल्या माणसाला म्हणायचं, ये.
ती हसली. म्हणाली, किती छान.

आग्रा झालं होतं तिचं, गोवा राहिलं होतं,
मधले एकोणीस दिवस बडोद्याचे,
मांडवीमागच्या आमच्या गल्लीचे.

खोटं कशाला बोलू,
एकतीस पोरांची नखं कापली तिनं,
एकेक बोट हातात घेऊन, कुणाला न रडवता.
बावीस वर्षं झाली मला इथे,
नखांपाशी मी कधी इतकी थांबले नाही.
कुकरची शिट्टी होते, कुणीतरी जिन्यात पडतं,
ट्रस्टी येणार म्हणून चादरी बदलायच्या असतात.
तिच्याकडे वेळ होता.
तो तिनं तिकडून आणला होता, बॅगेत,
फुग्यांच्या आणि खडूंच्या शेजारी.

तोरल तेव्हा पाचची.
कुणाच्या मांडीवर न बसणारी.
बाराव्या दिवशी बसली.

विसाव्या दिवशी सकाळी स्टेशनची रिक्षा आली.
आनेके रडली, नाक लाल झालं,
आणि अगदी माझ्यासारखं, ‘ते’ जरा लांबवून, म्हणाली:
येते.
तोरलनं मान हलवली.
तिला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही.

दुपारची अर्धी चिक्की तिनं ठेवली.
दुसऱ्या दिवशीचीही. तिसऱ्याही.
उशीच्या अभ्र्यात मुंग्या झाल्या तेव्हा कळलं.
मी अभ्रा झटकला, धुतला, वाळत घातला.
सांगितलं काहीच नाही.
कसं समजावणार पाच वर्षांच्या पोरीला
की या शब्दाला कुठलाच काळ नसतो,
ही नुसती रीत आहे,
उंबऱ्यात पाय अडू नये म्हणून घातलेली.

एप्रिलमध्ये पाकिटातून फोटो आला.
आनेके, तोरल, मागे कडेला एक कोपर.
कोपर माझं.

मग एक गिटारवाले आले, दहा दिवस.
मग दोघी बहिणी, सहा दिवस.
प्रत्येकानं तोच टाळ्यांचा खेळ नव्यानं शिकवला
आणि पोरांनी तो
न येणाऱ्यासारखा शिकून घेतला.

या जानेवारीत, उत्तरायणाचा मांजा अजून लिंबाला लोंबत होता,
एक नवी मुलगी फाटकाशी आली, पाठीवर भलं मोठं ओझं.
तोरल आता सातची.
पुढे झाली, हात हलवला,
म्हणाली, आवजो.
पाहुणी आत यायच्या आधीच.

तिला वाटलं, स्वागत.
शब्द उघडून पाहिला तर होतंही.

मी संध्याकाळी साडेसातला सुटते.
बावीस वर्षं ‘येते’ म्हणून निघते
आणि सकाळी सहाला येते.
कुणी मोजत नाही. मीही नाही.
त्या संध्याकाळी चपला घालताना जीभ अडली.
आई म्हणायची, तिन्हीसांजेला ‘जाते’ म्हणू नये, वास्तू तथास्तु म्हणते.
तरी म्हटलं,
तोरल, जाते गं मी. सकाळी सहाला दूध तापवायला आहे.

तिनं वर पाहिलं नाही.
डावा हात पुढे केला फक्त.
नखं वाढली होती.

चपला काढल्या परत.
नेलकटर कुठे ठेवलंय
ते तिलाच माहीत होतं.