पट

शाळा क्रमांक अमुक, सिडको, नाशिक.
पट सोळा.
वीस लागतात.

चौघांसाठी मी जूनच्या उन्हात दारोदार फिरते,
छत्री, वही आणि मोफत गणवेशाचं आमिष घेऊन.
"बाई, आमच्याकडे एकच आहे, तोही इंग्लिश मीडियमला,"
चौथ्या मजल्यावरून आवाज येतो,
आणि जाळीमागून तो एकच
माझ्याकडे बघतो,
अख्ख्या इमारतीचा वारसदार असल्यासारखा.

मी लागले तेव्हा तुकड्या ड पर्यंत होत्या.
एका बाकावर चौघं, पाचवा खिडकीत.
हजेरीतच पहिला तास संपायचा.
सातपूर भरत होतं, अंबड भरत होतं,
आणि पालिकेचा कागद आला : अकरा जुलै, प्रभातफेरी.
मी पुढे, मागे दोनशे पोरं,
त्रिमूर्ती चौकापर्यंत घसा फोडून
लहान कुटुंब, सुखी कुटुंब!
नाकाला शेंबूड, हातात पुठ्ठा,
पुठ्ठ्यावरचा लाल त्रिकोण मी रंगवलेला.
घरी प्रत्येकाची चार-चार भावंडं.

इतकं कुणी ऐकतं का बाईंचं?
पाढे नाही ऐकले, शुद्धलेखन नाही,
हे मात्र ऐकलं.

हेमलता सांगळे : एक मुलगी, बस्स.
भूषण कोठुळे : एक, तोही चाळिशीत,
दवाखान्याच्या पायऱ्या झिजवून.
प्रतिभा नकोच म्हणाली.
फ्लॅटचा हप्ता दाखवला मला मोबाइलवर.
चूक कुणाची काढू?
बरोबरची खूण मीच केली होती.

खालच्या तीन खोल्या आता विरंगुळा केंद्राला दिल्यात.
पहिली अ मध्ये कॅरम, बीपीचं मशीन,
भिंतीवर अजून अननसाचा अ.
हेमलताच्या आई तिथं बसतात,
छोट्या बाकावर, गुडघे छातीशी.
"बाई, हयातीचा दाखला तेवढा भरून द्या,
यंत्रावर अंगठा उमटत नाही."
जन्माचे दाखले तपासण्यात नोकरी गेली माझी,
शेवटच्या वर्षी हे.

तशी मुलं आहेत की.
लिंक रोड ओलांडला, चुंचाळ्याला पत्र्याच्या खोल्यांत शिरलं,
की पायात येतात.
"नाव?" "अंशू."
"वय?" आई सहा बोटं दाखवते,
मग माझा चेहरा बघून पाच.
दाखला सिवानला, आजीच्या पेटीत.
राहणार किती दिवस? ते ठेकेदाराला विचारा.
भागी भोये सुरगाण्याची.
भात लावायला आई गेली की ती जाणार,
दिवाळीनंतर थेट दिंडोरीला,
द्राक्षाचे घड औषधात बुडवायला.
दोघींना आधार क्रमांक नाही,
आणि क्रमांकाशिवाय संगणक मुलाला मूल म्हणत नाही.

वरून पत्र आलंय :
पट न भरल्यास शाळेचं समायोजन,
शिक्षक अतिरिक्त.

अतिरिक्त.
निबंधात लिहून घ्यायचे मी हा शब्द,
'अतिरिक्त लोकसंख्या : एक समस्या', दहा गुण.

संध्याकाळी पेन्सिलीनं लिहिते,
सतरा, अंशू.
अठरा, भागी.
पेन्सिलीनं, कारण खोडावं लागेल.

"किती झाले, बाई?" दारातून हेमलताच्या आई.
"दोन कमी."
"मग माझं घाला की नाव.
तिसरीतून काढलं होतं मला,
धाकट्याला सांभाळायला."