टर्न

उद्यमनगरात, मगदूमांच्या शेडमध्ये
आण्णा लेथपुढं उभे आहेत एकतीस वर्षं.
दिवसभर काय करता, विचारलं
की एकच उत्तर : "टर्न मारतो."
इंग्रजी म्हणून त्यांना एवढंच येतं.
चक, जॉब, फीड, व्हर्नियर
हे सगळे शब्द त्यांच्या लेखी मराठीच.

परवा सातवीच्या वर्गात
मी हेच क्रियापद शिकवत होते.
पान उलटलं, टर्न.
नळ बंद केला, टर्न.
दूध फिरलं, तिला सोळावं लागलं,
स्थळ नाकारलं, आता तुझी पाळी,
टर्न, टर्न, टर्न, टर्न.
मागच्या बाकावरून सुफियान मुल्लाणी :
"बाई, आणि सायबर चौकातला यू-टर्न?"
तोही, म्हटलं. तोही रे बाबा.

रात्री जाडा कोश काढला.
शब्दाचं बोट धरून मागं मागं गेले,
इंग्रजीतून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून ग्रीकमध्ये,
आणि अगदी तळाला
भेटला चक्क लेथ.
तोर्नोस. लाकडाला गोलाई देणारं हत्यार.

म्हणजे आधी कुणीतरी ओंडका फिरवला,
त्यानंतर रस्ते वळले,
डोकी फिरली,
दिलेले शब्द फिरवायला लोक शिकले.

सोमवार होता, उद्यमनगर बंद.
आण्णा पायरीवर बसून
तळव्यात रुतलेला लोखंडाचा कीस
चिमट्यानं काढत होते.
सांगितलं सगळं. ऐकून घेतलं त्यांनी.
"व्हय. पण एक ध्यानात धर,
फिरतोय त्यो जॉब.
टूल फिरत न्हाई. नुसतं सरकतंय, सूत सूत."

मला आठवली पहिलीतली दुरेघी वही.
ळ काही केल्या जमायचा नाही.
अक्षराला वळण नाही, असा शेरा घेऊन घरी आले
तेव्हा आण्णांनी खिशातून दोन बेअरिंगं काढली,
शेजारी शेजारी ठेवली कागदावर :
"ह्ये बघ, ह्यो तुजा ळ. भोवतीनं फिरव पेन्सिल."
त्या पानावर ग्रीसचे दोन डाग.
बाईंनी त्याबद्दल वेगळी छडी दिली.

"आणि त्या पयल्या माणसानं," आण्णा म्हणाले,
चिमटा थांबवून,
"त्यानं त्या लेथवर पयलं काय बनीवलं आसंल गं?"

कोशात ते नव्हतं.

"लाटणं आसंल,"
आतून आई.