दार लाव

नारीनच्या वाचनालयात, तळघरात,
उलुकबेकनं कॅसेटची पहिली बाजू उतरवून घेतली
तेव्हा साडेपाच वाजले होते.
तीस मिनिटं. वेव्ह फाइल, तीनशे एमबी.
"ही ठेवायची," तो म्हणाला, "द्यायची नाही."
काचेच्या कपाटातल्या पाहुण्यांच्या कपांसारखी.

मग फ्लॅक. निम्मी.
काहीच न गमावता निम्मी,
घडी घातलेल्या नमद्यासारखी; उलगडला
की तीच शिंगं, तीच किनार.
मी म्हटलं, हीच चढवू या.
तो हसला. वर कुरणावर कोण ऐकणार?
तिथं एकाच टेकाडावर येते रेंजची एक कांडी,
तीही आभाळ स्वच्छ असेल तर.

ओपसवर त्याचा जीव.
पाच एमबीत सगळं बसवतं म्हणे, आणि गोड.
पण त्याच्याच मामाच्या फोनला ते वाजवता येईना.
फोन नुसता गोल गोल फिरत राहिला
आणि मामानं आमच्याकडे असं पाहिलं
जसं काही आम्हीच मोडला.

म्हणून एमपीथ्री. चौसष्ट. मोनो. चौदा एमबी.
कानाला जे नाहीसं झालेलं कळत नाही
तेवढंच पाखडून टाकतं हे, त्यानं समजावलं.
भुकेला कोंडा, मी मनात म्हटलं,
आणि हेडफोन लावून आलटून पालटून दोन्ही ऐकल्या,
काय पाखडलं गेलं ते शोधत.

जुमाकादिर, डोलोन घाटातला ट्रकवाला,
कोमुझ लावतोय. एक तार चढवतो, पुन्हा उतरवतो.
मधेच कुणाला तरी म्हणतो, दार लाव.
दोन्हीत दार लागलं.
फक्त वेव्हमध्ये, दाराबाहेर,
घरघर होती एक बारीक.
इंजिन, मी म्हटलं. चालूच ठेवलं असणार,
उणे तीसमध्ये बंद कोण करतं?
चौसष्टमध्ये त्या इंजिनाचं पाणी झालं होतं,
नुसते बुडबुडे.
मला रात्री नीट झोप लागली नाही.

प्लेअर निवडायला मात्र दोनच दिवस.
पहिला देखणा, आवाजाचे डोंगर काढून दाखवायचा,
पण उघडेपर्यंत चहा निवायचा.
दुसरा साधा: एक त्रिकोण, एक रेघ.
पान उघडताच आपोआप वाजायचा,
आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

मंगळवारी अतबाशीहून सादात आपा आली.
जुमाकादिरची बायको. मला वाटलं, आभार मानायला.
ती कोट न काढताच बसली.

"नातवानं ते उघडलं नि गेला अंगणात.
माझे हात कणकेत.
हा म्हणाला, दार लाव.
मी उठून लावलं.
लावल्यावर आठवलं."

नऊ वर्षं झाली होती.

"आणि तो असा आपणहून कधी बोलला नाही," ती म्हणाली,
"विचारावं लागायचं. दोनदा."

उलुकबेकनं काही न बोलता
कोडमधला एक शब्द पुसला.
मी तिच्यापुढे बशी सरकवली आणि, राहवेना म्हणून,
इंजिनाचं विचारलं: मूळ फाइलमध्ये ते आहे,
पेन ड्राइव्हवर देऊ का, मोठी, पूर्ण?

"कसलं इंजिन? ट्रक तर हिवाळाभर मोडून पडलेला.
बाहेर समोवर होता, मी कोळसे घातलेले.
धूर आत येत होता, म्हणून तर म्हणाला
दार लाव."

उलुकबेक स्क्रीनकडेच पाहत राहिला.
मी नोंदवहीत 'इंजिन' खोडलं,
वर लिहिलं: पाणी उकळतंय.

पेन ड्राइव्ह तिनं घेतला नाही.
घरी तो लावायचा कशाला?
दारात थांबून तिनं विचारलं,
मी तो त्रिकोण दाबला की कळतं का कुणाला?

"सर्व्हरवर नोंद होते," उलुकबेक म्हणाला,
"तारीख, वेळ, किती सेकंद ऐकलं."

"असू दे," ती म्हणाली,
आणि जाताना दार लावून गेली.