नाही, पण वाचता येईल असं

बेनोड्याच्या पॅकिंग हाऊसमध्ये
क्रेट उघडण्याआधी चिठ्ठी वाचतात.
आंबिया की मृग, वजन किती, माल कोणाचा.
चिठ्ठी नसली तर देवाजी कुकडे
क्रेटला हात लावत नाही.
"कोनाचं हाय गा हे?" म्हणत
पायानं कोपऱ्यात सरकवतो,
आणि विसरतो.

मी वरच्या खोलीत, वजनकाट्याच्या माथ्यावर.
दर, आवक, गाडी नंबर यांची पानं सांभाळतो.
मागच्या आठवड्यात एक पान नव्यानं लिहिलं,
जे पान नाही त्याच्यासाठीचं पान.
आधी तिथं इंग्रजीत चारशे चार यायचं,
तहसीलच्या शिक्क्यासारखं कोरडं.
मी लिहिलं,
'हे पान इथं नाही बाप्पा.
पत्ता तपासा, नाहीतर खाली फोन करा.'
फाइलचं नाव ठेवलं नुसतं 'नाही'.
पुढे टिंब नाही, शेपूट नाही.
झोपलो.

सकाळी देवाजी जिना चढून आला.
त्याला शनिवारच्या आवकेचं पान हवं होतं,
जे मी अजून केलंच नव्हतं.
"तुह्या साइटवरून काहीतरी उतरते राजा.
दाबलं का उतरते. उघडत नाही."
त्याच्या तडकलेल्या फोनमध्ये
सात 'नाही' उतरून बसले होते.
सात वेळा माफी मागितली होती मी,
एकही त्याला पोचली नव्हती.

सर्व्हर बिचारा शेपटावरून माल ओळखतो.
शेपूट नसलं तर म्हणतो, असतील काही बाइट,
घेऊन जा, तुमचं तुम्ही पाहा.

मग मी चिठ्ठी लिहायला बसलो.
घाईत 'साधा मजकूर' लिहिलं,
तर पानावर सगळे कंस उघडे पडले,
झबलं उलटं घातल्यावर शिवण दिसावी तसे.
एचटीएमएल लिहिलं,
तर अक्षरं कोणत्या मुलखातली ते सांगायचं राहिलं.
'बाप्पा'च्या जागी
टोप्या घातलेले परके ए रांगेत उभे.
देवाजी मागून म्हणाला, "हे कोन लोकं?"
शेवटी अर्धविराम, आणि यूटीएफ-आठ.

जिन्याच्या पायरीवर बसून त्यानं पुन्हा दाबलं.
ओठ हलवत वाचलं.
"नाही म्हनते," तो म्हणाला.
"मंग बरं. कालपासून वाट पाहून रायलो होतो."

चारशे चार तसाच आहे आत,
त्याला मी हात लावला नाही.
नाहीचं हो करणं
चिठ्ठीचं काम नव्हे.

"आन् हे सात?"
पुसून टाक, म्हटलं.

पुसले नाहीत त्यानं.
दुपारी काट्यापाशी हमालांना दाखवत होता,
"पहा, याच्यात नाही हाय.
फक्त चिठ्ठी लागली नव्हती."